हिराने उलटी साडी नेसली तो दिवस

सातपाटीच्या बंदरावर हिराचं हसणं लांबून ओळखू यायचं. चिखलात पाय घसरून भरल्या टोपलीसकट आपटली तरी उठायच्या आधी हसायची. कुणाला वाटायचं, बाई साधीभोळी आहे. तसं नव्हतं. लग्नानंतरची पहिली वर्षं तिने नवऱ्याचा, नामदेवचा, मार खाल्ला होता. बोटीवरून उतरला की तो आधी गुत्त्यावर जायचा, मग घरी हिराच्या पाठीवर. एकदा वल्ह्याच्या दांड्याने त्याने तिचा खांदाच निखळवला. खांदा बसल्यावर एका दुपारी तो पुन्हा हात उगारून आला. हिरा तेव्हा घोळ मासा कापत होती. तिने त्याचं मनगट धरून ओंडक्यावर दाबलं आणि कोयत्याचं पातं त्यावर टेकवलं. कातडी फाटून रक्त आलं.

“परत मारशील तर ह्यो हात हितंच राहील,” ती म्हणाली.

नामदेवने पुढे शिव्या दिल्या, भांडी आपटली, पण हात उचलला नाही. एका वादळात तो बोटीवरून पडला, तो सापडलाच नाही. हिराने मासळी विकून एकटीने मुलीला, उन्नतीला, वाढवलं.

उन्नती तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली आणि तिथेच तिचं कैलासशी जुळलं. तो जालन्याकडचा. दिसायला नीटनेटका, बोलायला मऊ. लग्न झालं, दोघांनी बोईसरला दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. त्यानंतर उन्नतीचं माहेरी येणं कमी झालं. आली तरी उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचा ड्रेस. हिरा विचारायची. उन्नती म्हणायची, “काय नाय गं आये, काम जास्त हाय.”

मग कैलासचे आईवडील, नर्मदा आणि रामकिसन, गावाहून आले आणि हिराला जेवायला बोलावणं आलं. वर जावयाचा निरोप होता, की लुगडं नेसून येऊ नका, चारचौघींसारखी साडी नेसा. हिराने लग्नातली भरतकामाची पाचवारी काढली. उजाडल्यापासून मासळी विकून आलेली, अंघोळ करून घाईघाईत ती गुंडाळली आणि निघाली.

दारातच नर्मदाने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “अगं बया! विहीणबाई, साडी उलटी नेसली की ओ!”

हिराने खाली पाहिलं. फॉलची पट्टी सगळ्या घेराला बाहेरून दिसत होती आणि भरतकामाचे मागचे धागे पिंजारून लोंबत होते. क्षणभर तिचे कान तापले. मग ती खो खो हसत सुटली.

“काय करू बाय, सगला जल्म लुगड्यात गेला. हिला मी नेसले नाय, कशीबशी बांधून आणली हाय! आता तुमी माज्या तोंडाकडं बघा, खाली बघू नका.”

नर्मदा हसता हसता भिंतीला टेकली. रामकिसनने टॉवेल तोंडाला लावला. स्वयंपाकघराच्या दारात उन्नतीही हसत होती. फक्त कैलास हसला नाही. त्याने हातातला ग्लास ठेवला, उठला आणि उन्नतीला आत ढकलत दार लोटून घेतलं.

आत काहीतरी मऊ, जड आपटल्याचा आवाज झाला. मग पातेलं पडलं. हिराला तो आवाज कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने दार ढकललं. कैलासने उन्नतीचे केस मुठीत धरले होते आणि तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटत होता.

“दात काढते? माझ्या आईबापासमोर माझी शोभा करते?”

हिराने मागून त्याच्या गळ्याला मिठी घातली. त्याने कोपर मारलं, ते तिच्या तोंडावर बसलं. पुढचा दात तुटून जिभेवर आला. तो थुंकून तिने त्याचा कान धरून पिळला. झटापटीत साडीचे बाहेर आलेले धागे त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यात अडकले. हात सोडवायला त्याने जोरात हिसका दिला आणि तिला फरशीवर फरफटत नेलं. पोटात लाथ बसली. दुसरी बसायच्या आत तिच्या हाताला लाटणं लागलं. तिने ते दोन्ही हातांनी त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. कैलास गुडघ्यावर बसला. हिराने पुन्हा लाटणं उगारलं, तेव्हा उन्नतीने ओट्यावरची सुरी उचलून साडीचे धागे कापले आणि आईला ओढलं.

“पुरे, आये! चल.”

दारात नर्मदा उभी होती. “घरातली गोष्ट आहे, असं होतच असतं,” ती पुटपुटली, पण तिने वाट सोडली. रामकिसन तोंडावर टॉवेल धरून तसाच बसला होता.

खाली रिक्षावाल्याने दोघींचं रक्त पाहून विचारलं, “अस्पताल?” उन्नतीचा ओठ फाटून लोंबत होता. गाडी सुरू झाल्यावर तिने आईकडे पाहिलं.

“आये, अजून उलटीच हाय गं.”

हिरा हसली, तोंडातून रक्ताचा फेस आला. हसताना उन्नतीचा ओठ आणखी फाटला, ती कळवळली, तरी दोघींना थांबता येईना. त्या हसण्यातच उन्नतीने बाही वर केली. दंडावर जुने काळेनिळे डाग होते, काही सिगारेटचे. हिराचं हसणं तिथे तुटलं. “मगाशी आणखी एक हाणायला पायजे होता,” ती म्हणाली.

ओठाला टाके पडले. पोलिसांत दोन्हीकडच्या तक्रारी गेल्या. मोडक्या मनगटाबद्दल हिरावरही गुन्हा दाखल झाला. पालघरच्या कोर्टात तारखा पडतात, तेव्हा हिरा आणि कैलास एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात. एकदा तो उन्नतीला न्यायला सातपाटीला आला होता. मासळी वाळवणाऱ्या जमनाने आणि तिच्या जावांनी त्याला गल्लीच्या तोंडाशीच अडवला. दगड सुटले, त्याचं डोकं फुटलं. हिरा घरातच होती. तिने अडवलं नाही. उन्नती आता जमनाबरोबर बोंबील वाळवायला जाते. रात्री दाराला आतून दोन कड्या घालते.

पावसाळ्याच्या तोंडावर हिराला जालन्याहून फोन आला. नर्मदा होती.

तिने विचारलं, “पोरीचा ओठ भरला का?”

“भरला. वण राह्यला.”

“माझा भुवईवर आहे,” नर्मदा म्हणाली. “ह्यांच्या हातचा.”

“या कधीतरी,” हिरा म्हणाली. “एकट्या या.”