सोनीबाईचा शहाणा साधू

सोनीबाईचं कुत्रं भुंकत नसे, आणि या गोष्टीचा तिला भारी अभिमान. आठ महिन्यांचं पिल्लू, खोड्या करायचं वय, पण वागणं एखाद्या बुवासारखं. म्हणून तिनं त्याचं नावच ठेवलं साधू. ताडोबाच्या जंगलाला लागून असलेल्या त्या टोल्यावर, लहानशा वस्तीवर, बाकीची कुत्री पान पडलं तरी गाव डोक्यावर घेत.

शेजारची बुधरी तिला चिडवायची. "वाघाच्या रानात मुकं कुत्रं काऊन नेतं वं?"

"भ्यायसारखं काही असतं त भुकलं नसतं का? माह्या साधूले समजते सारं," सोनीबाई ठसक्यात सांगायची.

सोनीबाईचा मुलगा दिनेश बायकोला घेऊन तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. त्यांची पाच वर्षांची हर्षा आजीपाशी होती. चैत्र लागला, मोहफुलं गळू लागली. सोनीबाईची दोन झाडं सासूच्या वेळेपासूनची. त्यांच्याखालचं फूल दुसरं कोणी उचलत नाही, अशी गावाची रीत. पहाटे उजाडता उजाडता ती टोपली घेऊन निघायची. हर्षाला घरी एकटं कसं ठेवणार, म्हणून तीही सोबत, आणि मागून साधू. वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. कुत्रं नेतात ते वाघाची चाहूल लागताच त्यानं भुंकावं म्हणूनच.

एखाद्या दिवशी साधू हर्षाच्या फ्रॉकची किनार ओढत नाचायचा. एखाद्या दिवशी मात्र कान पाडून तिच्या मांडीला चिकटून बसायचा आणि भाकरीचा तुकडा नाकाशी धरला तरी तोंड फिरवायचा. "आज बुवांचं मौन आहे," म्हणत सोनीबाई हसायची. मौनाच्या दिवशी ती निर्धास्त होऊन एक टोपली जास्तच वेचायची. माणसाचं शहाणपण ते हे असं!

एका दुपारी वनरक्षक रीना मोबाईल घेऊन दारात आली. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो तिला दाखवायचे होते.

"बाई, ही तुम्हीच ना?"

फोटोत सोनीबाई मोहाखाली वाकलेली होती. तारीख मंगळवारची. रीनानं बोट सरकवलं. तेच झाड, तीच जागा, अकरा मिनिटांनंतरची वेळ, आणि मधोमध वाघ.

सोनीबाईला आठवलं. मंगळवारी साधूनं भाकर खाल्ली नव्हती. पुढचा फोटो शुक्रवारचा. त्याही दिवशी मौन. तिसऱ्या फोटोत हर्षा बसली होती, साधू तिच्या मांडीत घुसला होता, आणि मागच्या झुडपात पट्ट्यांचं एक तोंड होतं. सोनीबाईनं फोटोतल्या साधूवर बोट ठेवलं.

"पण हा त भुकला नाई! शांत बसला होता!"

रीनानं फोटो मोठा केला. शेपूट पोटाखाली, कान मागं, नजर त्या झुडपावर. "हे शांत नाई, बाई. हे भेलं आहे. याच्या मायले बिबट्यानं नेलं होतं म्हणता ना? तवा हे कुठी होतं?"

पावसाळ्यात भर अंगणातून बिबट्यानं साधूच्या आईला उचललं होतं. पिल्लू दोन दिवसांनी धानाच्या कोठीमागं सापडलं होतं, जिवंत, पण आवाज म्हणून काढला नव्हता. गप्प राहिलं म्हणून वाचलं. तेवढंच ते शिकलं होतं. भीती वाटली की गप्प व्हायचं.

"आता कुठी आहे तो?" रीनानं विचारलं.

सोनीबाईनं मान वळवली. साधू सकाळपासून कोठीमागं होता. त्याच्यापुढची भाकर वाळून कडक झाली होती. हर्षा मात्र घरामागच्या सांदवाडीत वाळत घातलेल्या मोहफुलांशी खेळत होती.

म्हातारी कशी धावली, तिचं तिलाच कळलं नाही. हर्षा फुलांची रांग लावून गाणं म्हणत होती. सोनीबाईनं तिला काखेत उचललं आणि आत आणलं. मागोमाग आलेली रीना कुंपणापाशी क्षणभर वाकली. सांडपाण्याच्या ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटला होता आणि त्यात पाणी अजून झिरपतच होतं. तिनं आत येऊन दाराला अडसर लावला आणि फोनवरून माणसं बोलावली.

हर्षा रडू लागली, तिची फुलं बाहेर राहिली होती.  सोनीबाई जमिनीवर आडवी झाली, कोठीमागं हात घातला. साधू थरथरत होता. किती वेळा त्याला असं भेदरलेलं पाहून ती हसली होती!

"तू त रोजच सांगून राह्यला होता रे बापा," ती म्हणाली, "अन् मी तुले भाकर दाखवून राह्यली होती."