पाण्यात शिजवलेली काच

काच कुटली की भुगा साचतो, तसे आमच्या लॅबमध्ये किस्से साचतात. भुगा संध्याकाळी झाडून टाकतो. किस्से मात्र डब्याबरोबर चिखलीला माझ्या घरापर्यंत येतात!

चाकणला आमची कंपनी इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या बनवते. पाणी काचेतला क्षार हळूहळू ओढून घेतं, आणि तो औषधात उतरला की औषध वाया. म्हणून काच पाण्यापुढे किती टिकते, हे आम्ही तपासतो. लॅबच्या प्रमुख शिंदे मॅडम. बाई म्हणजे अफाट!

* * *

बायकोनं एकदा विचारलं, "दिवसभर करता तरी काय?"

"काच कुटतो, पाण्यात शिजवतो, मग पाणी तपासतो."

"आणि काच?"

"टाकून देतो."

तिनं माझा डबा घासायला घेतला. मग म्हणाली, "आणि याला ओव्हरटाइम देतात?"

* * *

आमच्या काचेचे प्रकार तीन. टाइप वन सगळ्यात टिकाऊ, थ्री साधी. कस्टमरच्या माणसानं विचारलं, "मॅडम, मग टू म्हणजे काय?"

"थ्रीच, पण आतून पार्लरला जाऊन आलेली!"

आतून प्रक्रिया केलेली काच इतक्या कमी शब्दांत सांगून दाखवा राव! मी तर हात जोडतो.

* * *

रहाटणीच्या दुकानात मॅडम ग्लास घ्यायला गेल्या. दुकानदारानं ग्लास फरशीवर आपटून दाखवला. "बघा, फुटत नाही!"

"ते सोडा हो. पाण्यात टिकेल का?"

"ताई, ग्लास आहे, साबण नाही!"

हा किस्सा मॅडम स्वतःच सांगतात, आणि सगळ्यांत जास्त त्याच हसतात.

* * *

आमचे सोनवणे भाऊ कामाला चोख. एकदा तपासणीचा रंग टाकताच त्यांचे सगळे फ्लास्क पिवळे झाले. पिवळा म्हणजे क्षार आला. बरं, ज्यात नुसतं शुद्ध पाणी होतं, काच घातलीच नव्हती, तोही पिवळा!

"फ्लास्क कुठे धुतले?" मॅडमनी विचारलं.

"बोअरच्या नळाखाली. एकदम चकाचक!"

"वा भाऊ! काच न घालताच फेल केलीत!"

मग त्या स्वतः भाऊंसोबत शुद्ध पाण्यानं फ्लास्क धुवायला उभ्या राहिल्या.

* * *

एकदा दिवाळीच्या तोंडावर मोठा लॉट तयार झाला. गाडी भरून गेटवर उभी, कस्टमरचे फोनवर फोन. आणि मॅडमनी लॉट अडवला! बाटलीचा तळ बनवताना आच जास्त लागली होती, आतून क्षार सुटत होता.

प्लांटचे मोठे साहेब तावातावानं लॅबमध्ये आले. मॅडमची नोकरी यांच्याच हातात. आमचा जीव टांगणीला लागला.

"मॅडम, काच टाइप वन आहे ना? मग अडचण काय?"

"घराणं चांगलंच आहे, साहेब. मुलगा वाया गेलाय."

साहेबांनी टेबलावरची बाटली उचलून तिचा तळ पाहिला. मग त्यांनी गेटवर फोन लावला.

"गाडी खाली करा. लग्न मोडलं!"