बांधावरच्या चपला

माझा धाकटा भाऊ वेल्डर. गेल्या वर्षी त्याचे हात थरथरायला लागले, मग झोप उडाली, मग बोलणं आटलं. आणि एका सकाळी नदीच्या पुलावर त्याच्या चपला सापडल्या. जोडीने, नीट लावून ठेवलेल्या. जन्मात कधी चपला सरळ काढल्या नव्हत्या मेल्याने! मासे धरणाऱ्यांनी ओढून काढला, म्हणून आज आहे.

तेव्हापासून तो माझ्याकडे राहतो. मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवू नका आणि हाताला काम द्या. तर काम कुठलं मिळावं? तळ्याचं! गावाबाहेरचं मेलेलं तळं पुन्हा जिवंत करायला एका निवृत्त नर्सबाईंनी माणसं जमवली होती. "तुमचा भाऊ द्या मला," म्हणाल्या.

"अहो बाई, त्याला पाण्याकडेच न्यायचंय?"

"पाणी आहे कुठे? नुसता कचरा आहे."

खरंच कचरा होता, म्हणून मी त्याला पाठवला. कचऱ्यात कोण बुडतंय! पण गाळ निघाला तसे खालचे झरे मोकळे झाले. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, मग कमरेच्याही वर गेलं. लोक खूश. मी मात्र शिवण टाकून रोज जायची आणि झुडपाआड उभी राहायची. तो काठावर गवताचे गड्डे लावत असायचा. हात थरथरत नव्हते, तेही दिसायचं मला. पण जीव काही भांड्यात पडत नव्हता.

एकदा जेवताना आपणहून म्हणाला, "आज पाणडुबी आली."

किती दिवसांनी तोंड उघडलं होतं! "ती काय असते?"

"पक्षी. बुडी मारते."

मी हातातला घास खाली ठेवला. "वर येते ना रे?"

"येते की," म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

मग परवा नर्सबाईंचा फोन आला. "भाऊ आहे का घरी? आज कामाला सुट्टी आहे, सांगायचं राहिलं."

तो तर केव्हाच गेला होता. मशीनखाली अर्धी बाही तशीच सोडून मी धावत सुटले. रस्त्यात कोणाला धक्के दिले, देव जाणे.

तळ्याच्या बांधावर चपला होत्या. मी तशीच जवळ गेले. मग नीट बघितलं. एक चप्पल इथे उताणी, दुसरी पार चिखलात. भिरकावलेल्या.

"ताई!" खालून आवाज आला.

छातीभर पाण्यात, बांधाला पाठ टेकून उभा होता. खेकड्यांनी बांध पोखरला होता, पाणी पळत होतं, आणि हा ते भोक पाठीने अडवून बसलेला! "बघतेस काय? घमेलं घे, चिखल दे! सगळं तळं जाईल ना!"

वर्षभराने ओरडला माझ्यावर. मी रडत होते, चिखल देत होते, शिव्याही घालत होते. "गाढवा, फोन करायला काय झालं होतं?"

"तू येणारच होतीस. रोज त्या झुडपामागे असतेस."

भोक बुजलं. तो वर आला तेव्हा कुडकुडत होता. मी पदराने त्याचं डोकं पुसलं, चपला शोधून आणल्या आणि त्याच्या पुढ्यात ठेवल्या. जोडीने, नीट.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग पायाने एक चप्पल लांब उडवली.

"अशा नको लावूस गं," म्हणाला.