मधल्या बटणाचा मान

आमच्या बाळाला नाही म्हणता येत नाही. म्हणजे शब्द येतो, पण तोंडाच्या आतच विरघळतो आणि बाहेर पडताना त्याचा "बघतो हां" होतो. मी दीपाली, त्याची चुलत बहीण. रत्नागिरीत शाळेत शिकवते, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाही म्हणणं हाच माझा व्यवसाय. एकाच घराण्यात देवाने एवढं असमान वाटप का केलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

बाळा शिवलकरचं ऑफिस माळनाक्याजवळ एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर आहे. तिथे बसून तो कॉम्प्युटरचे प्रोग्राम करतो. मोबाइलवरचे नव्हेत, टेबलावरच्या कॉम्प्युटरचे. राखाडी खिडकी, तिच्यात राखाडी चौकटी, चौकटीत राखाडी बटणं. ही सगळी सामग्री म्हणे तयार मिळते, एक संचच असतो. आपण फक्त एकात एक बसवायचं आणि कोण कुणाशी काय बोलेल ते ठरवून द्यायचं.

"ताई, बटण म्हणजे चित्र नव्हे," त्याने मला एकदा समजावलं. "बटण ही वस्तू आहे. तिला नाव असतं, आकार असतो, ती कुणाच्या आत राहणार ते ठरलेलं असतं. आणि दाबलं की कुणाला हाक मारायची तेही तिला माहीत असतं."

"म्हणजे आपल्या नानाकाकांसारखं."

"नानाकाकांना दाबता येत नाही," बाळा गंभीरपणे म्हणाला. त्याला विनोद कळत नाही, हाही एक आजार.

गिऱ्हाईक जे मागेल ते तो देतो. वेळणेश्वरला एका लॉजच्या तीन भावांचं आपसात पटत नव्हतं, तर प्रत्येकासाठी 'जतन करा'चं वेगळं बटण. तिन्ही बटणं एकच काम करतात. तिघेही आपलं बटण दाबल्याशिवाय जेवायला उठत नाहीत. एका काजू कारखानदाराने त्याहून पुढचं मागितलं: जावयासाठी असं बटण, की जे दाबून काहीच होणार नाही. बाळाने ते केलं. दाबलं की 'नोंद घेतली' अशी पाटी येते, बस. जावई सगळ्यांना सांगतो, कारखाना मीच चालवतो.

त्याचं लग्न का जमलं नाही, तेही सांगून टाकते. मंडणगडची मुलगी बघायला आम्ही सगळे गेलो होतो. सगळं छान चाललेलं. मुलीने विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? बाळाने विचारलं, "तुमच्या घरात कोण कोणाच्या आत आहे?" एकत्र कुटुंबाची रचना त्याला समजून घ्यायची होती. मुलीचे वडील उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो.

तर अशा माणसाच्या हातात आमच्या गावाने, भाटवण्याने, शिमग्याची पालखी दिली.

त्याचं असं झालं. आमच्याकडे मानकऱ्यांची चार घराणी. शिमग्याला देवीची पालखी गावात घरोघर जाते, पण आधी या चौघांकडे, मग बाकीच्यांकडे. चौघांपैकी पहिलं कोण, यावर दरवर्षी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापाशी, असं काही जुंपतं, की देवीच्या जागी मी असते तर रुसून माहेरी गेले असते. तीन वर्षं हे भांडण इतकं लांबलं की चौघांची घरं कशीबशी उरकली आणि पालखी देवळात परतायची वेळ झाली. सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या उघड्या कातळावर, पालखी गेलीच नाही.

सड्यावर घर एकच, सगुणाकाकीचं. बाबूकाका बोटीवर असायचे, ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. बाळाची आई लवकर वारली, तेव्हा शाळेत जाताना त्याचा डबा काकीच भरायची. ती तिन्ही वर्षं अंगणात सडा घालून, रांगोळी काढून, ओटीचं ताट पुढ्यात घेऊन बसली आणि अंधार पडल्यावर ताट उचलून आत गेली. कुणाला एका शब्दाने बोलली नाही. मला मात्र फार राग यायचा, अजूनही येतो. आणि त्या वर्षी तिची मुलगी वेदिका तिला कायमची बदलापूरला नेणार होती. शिमगा झाला की घराला कुलूप, मग पुढेमागे गिऱ्हाईक बघून घर विकायचं. म्हणजे काकीच्या अंगणात पालखी आली तर त्याच शिमग्याला, नाहीतर कधीच नाही.

पहिला मान कुणाचा, हे आता यंत्राने ठरवावं, असा ठराव गावकीने केला. यंत्राला भाऊबंद नसतात, असं थोरल्या घरचे रघूअण्णा म्हणाले. बाळाला बोलावलं. बाळा म्हणाला, बघतो हां.

त्याने केलेली खिडकी मी पाहिली होती. बेत चांगला होता. त्याच्या संचात खिडकीचे पाच भाग करायची सोय आहे: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि मधोमध. चार मानकरी चार दिशांना. मधली जागा मोकळी, तिथे त्या वर्षी ज्याचा पहिला मान असेल त्याचं बटण जाईल. दरवर्षी पाळी फिरती. चौघांचं झालं की दुसरी खिडकी उघडेल, तिच्यात बाकीची घरं.

"आणि काकी?" मी विचारलं.

"दुसऱ्या खिडकीत. शेवटी."

"म्हणजे नाहीच."

बाळाने काकीच्या बटणाचा रंग जरा गडद केला.

मग एकेक मानकरी माडीचा जिना चढू लागला. रघूअण्णा आले ते सुरमई घेऊन. "बाळा, यंदा मदी आमीच. काय?" बाळा म्हणाला, बघतो हां, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं बटण वरून उचलून मधे टाकलं. अण्णा खूश होऊन गेले. दुसरे आले कोकमाचं आगळ घेऊन, त्यांचंही मधे. तिसरे हात हलवतच आले, पण मोठ्याने बोलले, त्यांचंही मधे. चौथ्यांनी फोन केला.

"अरे, चौघे एका जागेत मावतील कसे?" मी ओरडले.

"मावायचा प्रश्न नाही, ताई. मधल्या जागेत कितीही टाका, संच कुणाला हाकलत नाही. फक्त जागा देतो ती शेवटी आलेल्याला. बाकीचे असतात, पण त्यांचा आकार शून्य होतो. मी कुणाशी खोटं बोललेलो नाही. चौघेही मधेच आहेत."

खरंच, ह्यात खोटं कुठे होतं ते मला सापडेना. मी डोकं धरून घरी गेले.

पालखीच्या आदल्या दिवशी सगुणाकाकी गावातून एस्टीने आली. काम काही नव्हतं. तांदळाच्या पिठाच्या गोड बोरांचा डबा बाळाच्या टेबलावर ठेवला, पंख्याखाली बसली, चारी बाजूंना बघून घेतलं. नंतर कधी बघायला मिळणार नाही, असं बघतात तसं.

"बाळा, सगळी म्हणतत पालखी तुझ्या यंत्रात हाय. माझा घर हाय काय रे त्यात?"

बाळा हाय म्हणाला.

"बघू दाखव."

आता दुसरी खिडकी दाखवायची तर आधी चौघांची घरं उरकायला हवीत, हे कुणी तिला समजवायचं? बाळाने तिचं बटण उचललं आणि मधे टाकलं. पडदाभर एकच गडद राखाडी बटण झालं, त्यावर अक्षरं: सगुणा बाबू शिवलकर, सडा. काकीने पदराने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "ह्यांचा नाव पण घातलंस," म्हणाली आणि गेली. तिला वाटलं, प्रत्येकाचं असंच असणार. बाळाने लॅपटॉप होता तसाच मिटला.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात मोठा टीव्ही लावला होता. मुंबईहून आलेली मंडळी मोबाइल वर धरून उभी. चारही मानकरी कडक इस्त्रीत, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आतली बातमी असल्यासारखं समाधान. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, बा देवी महाराजा, ह्या यंत्राला बुद्धी दे. बाळाने वायर जोडली.

सगुणा बाबू शिवलकर, सडा. टीव्हीच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, दुसरं काहीच नाही.

ढोल वाजवणारे थांबले. रघूअण्णांनी टीव्हीच्या मागे जाऊन बघितलं. खरंच, मागे जाऊन बघितलं.

"आमी कुठं हाव?"

"तुम्ही मधेच आहात, अण्णा," बाळा म्हणाला. "तुमचा आकार तेवढा शून्य आहे."

"आमी मानकरी, आनि आमचा आकार शून्य?"

"फक्त तुमचाच नाही. चौघांचाही."

आता मात्र जुंपली. चौघेही एकदम बोलू लागले, कारण चौघांनाही एकाच क्षणी कळलं की उरलेल्या तिघांनीही बाळाला गाठलं होतं. कुणी म्हणे सुरमई दिली, कुणी म्हणे फोनवर शब्द दिला. बाळा घामाघूम. शेवटी तो म्हणाला, "बदलतो मी. दोन मिनिटांचं काम. कुणाला वर आणू तेवढं सांगा."

आणि सभामंडप गप्प झाला. दुसऱ्यांना आणा, असं रघूअण्णा मरेपर्यंत म्हणणार नव्हते. दुसरे तिसऱ्यांसाठी बोलणार नव्हते, तिसरे चौथ्यांसाठी. चौघांनी एकमेकांकडे बघितलं, मग टीव्हीकडे बघितलं. सगुणाकाकीचं कुणाशीच वैर नव्हतं.

"ऱ्हाऊ दे तसाच," रघूअण्णा म्हणाले. "यंत्राला भाऊबंद नसतत." बाकीच्या तिघांनी इतक्या घाईने मान डोलावली की मला हसू आवरेना.

पालखी सड्यावर निघाली. फाल्गुनातली दुपार, कातळ तापलेला, मानकरी अनवाणी. चार घराण्यांची कर्ती माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत चालली होती, आणि मुंबईकरांना वाटलं हाच तो पारंपरिक नाच. त्यांनी तो शिकूनही घेतला.

सगुणाकाकी अंगणात आदल्या दिवशीचे पापड उलटत बसली होती. रांगोळी नाही, सडा नाही, ताट नाही. चौघांची घरं व्हायला रात्र होणार, हे तिला पाठ होतं. ढोल ऐकून तिने वर बघितलं आणि तिच्या हातातला पापड मोडला.

"मेल्यांनू, आदी सांगायचा नाय काय? माझी आंघोळ पण नाय झाली!" ती ओरडली. "थांबा सगळी!" आणि आत गेली.

पालखी खांद्यावर असताना ती खाली टेकवायची नाही. म्हणून नाचवत राहिले. रघूअण्णा दमले की दुसरे खांदा देत, दुसरे दमले की तिसरे. कुणाचा खांदा पुढे आणि कुणाचा मागे, हे विचारायला कुणात दम उरला नव्हता. बाळा ओट्यावर लॅपटॉप उराशी धरून बसला होता. मग काकी बाहेर आली. नेटकं नेसलेलं लुगडं, ओले केस, त्यात अबोलीचा वळेसर, हातात ताट. तिने ओटी भरली आणि पालखीच्या दांड्यावर डोकं टेकून उभी राहिली. मी रडले. लपवायचं काही कारण नाही, रघूअण्णाही रडत होते, पण ते पायाला चटके बसतात म्हणून, असं ते सांगतात.

शिमगा झाल्यावर काकी बदलापूरला गेली. आणि पुढच्या वर्षी नवीनच पेच आला. मधलं बटण काढायचं तर त्या जागी कोण? पुन्हा सभामंडप गप्प. तेव्हापासून आमच्या गावात पहिला मान सड्यावरच्या घराचा आहे, आणि मुंबईकरांना तो पूर्वापार चालत आलेला वाटतो. घराला कुलूप असून कसं चालेल? पहिलं घर उघडं हवं, झाडलेलं हवं, ओटी भरायला घरची बाई हवी. म्हणून दरवर्षी काकी येते. आधी आठ दिवसांसाठी यायची, आता माघी गणपतीला येते आणि आंबे उतरल्यावर जाते. घर विकायची गोष्ट निघाली की म्हणते, "विकू कसा? माझा नाव हाय तिथं."

ह्या वर्षी वेदिकाचा बाळाला फोन आला, तेव्हा मी माडीवरच होते. फोन स्पीकरवर होता. आईचे गुडघे दुखतात, ती बिचारी म्हणाली, तिची काळजी वाटते, आणि सगळं अडलंय ते तुझ्या एका बटणावर. "बाळादादा, एवढं ते काढून टाक ना रे. दोन मिनिटांचं तर काम."

मी वाट बघत होते, आता येणार 'बघतो हां'.

"नाही," बाळा म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो पंख्याखाली बसून राहिला, शर्ट पाठीला चिकटलेला. मी त्याला पाणी आणून दिलं.