शिक्क्याची जागा

वेंगुर्ल्याच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारे एक गृहस्थ होते, मूळ पेडण्याचे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि तिथे लग्नपत्रिकासुद्धा सरकारी तपासनिसाने वाचून, नको ते खोडून शिक्का मारल्याशिवाय छापता येत नसे. आमच्याकडे येऊन पाच-सहा वर्षं झाली तरी ते पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात शिक्क्यापुरती जागा सोडत. लक्षात आलं की स्वतःशीच हसत आणि तिथे एक फूल बसवत.

मी शाळामास्तर. शाळेचा अंक त्याच छापखान्यात छापला जाई. त्यात मी लिहिलं होतं, की देवळाजवळच्या विहिरीवर अजून सगळ्यांना पाणी भरू देत नाहीत. आमच्या संस्थेचे अध्यक्ष त्याच देवळाचे मानकरी. प्रूफ तपासताना माझा धीर सुटला आणि मी ते वाक्य खोडलं.

खिळे जुळवणाऱ्या त्या गृहस्थांनी प्रूफ पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मास्तर, ह्या कोणी खोडल्यान?"

"मीच."

"थंय गोंयात ह्या कामाक पगार मेळता," ते हळूच म्हणाले. "तुमी फुकट करतास."

मग ते त्या वाक्याचे खिळे काढून खणांत परत टाकू लागले. एरवी त्यांचा हात इतका भराभर चाले की डोळ्यांना दिसत नसे. त्या दिवशी मात्र एक खिळा टाकायचा, थांबायचं, पुढचा उजेडात धरून निरखायचा. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

अर्धं वाक्य गेल्यावर मी म्हणालो, "राहू द्या."

गेलेलं अर्धं वाक्य परत लागायला मिनिटसुद्धा लागलं नाही.