पायाला लावलेला हात

अत्यंत गंभीरपणे जाहीर करतो, की माणसाची अक्कल डोक्यात नसून पायाच्या चवड्यात असते. हे मला नाशकात आग्रा रोडवरच्या एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रीनं शिकवलं, चौतीस साली, मी नवी मोटारसायकल मिरवत होतो तेव्हा.

गाडी दुरुस्त झाली की तो गिऱ्हाइकाला तसंच सोडत नसे. फडक्याला हात पुसून खाली उकिडवा बसायचा आणि गिऱ्हाइकाचं पाऊल धरून त्याचा चवडा पायदांडीवर नीट ठेवून द्यायचा. माझं पाऊल मधोमध टेकलेलं असे आणि बोटं खाली लोंबत. त्यानं हात लावताच मी पाय झटकन मागे घेतला.

"चाचा, वडीलधाऱ्यांनी पायाला हात लावायचा नसतो. मला पाप लागेल."

माझे मित्र हसले, मीही ऐटीत हसलो. तो ओशाळून उठला आणि लांबूनच म्हणाला, "बोटं वर घ्या साहेब, वळणावर जमीन जवळ येते."

मी हात हलवून निघालो. घोटी गावाच्या अलीकडच्या वळणावर गाडी कलली, बूट रस्त्यात अडकला आणि दोन बोटं गेली.

तीन महिन्यांनी काठी टेकत त्याच्याकडे गेलो. तो खाली बसला आणि त्यानं माझा बूट दोन्ही हातांत धरला. या वेळी मी पाय मागे घेतला नाही.

"पाप धुवायला इथं गोदावरी होती की, साहेब," तो बोलून गेला, "बोटं आता कुठून आणायची?"