पुंजाजीचं पुढं पळणारं घड्याळ

देऊळगाव राजात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या गुलजारचं जेवणावरचं मनच उडालं होतं. त्याने नीट करून दिलेलं भिंतीवरचं घड्याळ पुढं पळतं, असं दुसरबीडचा पुंजाजी बाजारभर सांगत सुटला होता. आपलं मनगटी घड्याळ तिकडे नेऊन ताडून पाहावं, तर एसटीच्या हादऱ्यांनी तेच बिघडायचं. शेवटी गुलजार वैतागून म्हणाला, "पुंजाजीभाऊ, बातम्यांच्या आधी रेडिओवर टूंटूं वाजते न? तवा तुमी तुमच्या घड्याळाकडं पाहा, मी इथं माह्याकडं पाहातो. आठवडाभर."

पुढच्या बाजाराला पुंजाजी बायकोला, झुंबरबाईला, घेऊन आला. गुलजारचं दुकानातलं घड्याळ रेडिओशी रोज जुळलं होतं.

"माहं रोज पाच मिनिटं पुढं," पुंजाजी म्हणाला.

"रोज पाचच? वाढले नाहीत?" गुलजारचा जीव भांड्यात पडला. "मंग ते पळत नाही हो. कोणीतरी काटा सरकवला."

झुंबरबाई नवऱ्याकडे बोट दाखवून पदराआड हसली. "म्याच सरकवला. नाई त यायले कधी यष्टी सापडली असती काय?"

त्या दिवशी गुलजार पोटभर जेवला. उठताना मात्र त्याने घरातल्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मग आपल्या बायकोकडे, खुर्शीदाकडे.

तिनं हसू दाबत मान फिरवली.